वीस माकडांचे देणे

कोविडच्या साथीला आता काही वर्षे लोटली. मुखपट्ट्या कपाटात गेल्या, दुकाने पूर्ववत सुरू झाली, लग्नसमारंभ पुन्हा हजार-हजार पानांचे होऊ लागले. आपण बहुतेकांनी त्या काळात लस घेतली, तिचे प्रमाणपत्र मोबाईलमध्ये जपून ठेवले आणि पुढे गेलो. त्या लशींपैकी एका लशीच्या मागे वीस माकडे होती आणि ती आपल्याच महाराष्ट्रातील जंगलातून आणलेली होती, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तानंतर न जेवणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारा आपला समाज या गोष्टीकडे कसा पाहतो, किंवा पाहतच नाही, हा विचार मला बरेच दिवस अस्वस्थ करीत आहे. या लेखात तोच मांडण्याचा प्रयत्न आहे. मी शास्त्रज्ञ नाही, आगमांचा अभ्यासकही नाही. आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराची दुसरी बाजू कुठे लिहिली आहे हे शोधण्याची सवय तेवढी अंगी आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला तो माझ्या थोरल्या भगिनींनी. घरात लहानथोर सगळे त्यांना जीजी म्हणतात. जीजींचा चौविहार कधी चुकत नाही आणि दोन वर्षीतप त्यांच्या नावावर आहेत. २०२१ च्या मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली, तेव्हा पाय दुखत असल्याने त्यांनी ती पुढे ढकलली. एप्रिलमध्ये नाशिकने जे पाहिले ते सांगायला नको. २१ एप्रिल रोजी महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण त्या एका दिवशी गेले. आमच्या गल्लीतली तीन घरे त्या महिन्यात पोरकी झाली. मे महिन्यात जीजी लस घ्यायला तयार झाल्या आणि जूनमध्ये पुन्हा थांबल्या. कारण त्या महिन्यात एक बातमी सर्वत्र फिरू लागली होती : कोवॅक्सिन बनवताना नवजात वासरांच्या रक्तातील सीरम वापरले जाते.

आरोग्य मंत्रालयाने १६ जूनला खुलासा केला. पेशींची वाढ करताना असे सीरम वापरले जाते, नंतर त्या पेशी अनेकदा धुतल्या जातात आणि तयार लशीत ते मुळीच नसते, असा त्याचा आशय होता. मी तो जीजींना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “लशीत नाही हे कळलं. पण वापरलं तर ना? भाऊ, तू मला पटवू नकोस. काय काय झालं ते खरं सांग. घ्यायची की नाही ते मी ठरवीन.”

त्यानंतरचे काही आठवडे मी मिळेल ते वाचले. माझा भाचा औषधांच्या धंद्यात आहे, त्याच्या ओळखीने दोन जाणकारांना भेटलो. जे समजले ते जसेच्या तसे येथे देतो.

श्वसनमार्गाचे विषाणूजन्य आजार समजून घेण्यासाठी प्राणी का लागतात, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. घराघरांतील वृद्ध त्याला मानमोडी म्हणत. त्या वेळी हा आजार कशाने होतो हेच कोणाला नक्की ठाऊक नव्हते, अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. १९३३ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसाच्या घशातील पाणी गाळून ते फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लांबट प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट आजारी पडला, शिंकू लागला आणि त्याच्यापासून दुसऱ्या फेरेटला आजार झाला. जिवाणू अडकून राहतील अशा गाळणीतूनही आजार पार गेला, म्हणजे कारण विषाणू हेच होते. पुढे १९३६ मध्ये एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्या संशोधकालाच फ्लू झाला. माणसाकडून प्राण्याकडे आणि प्राण्याकडून माणसाकडे, असे वर्तुळ पूर्ण झाले. फ्लूच्या लशींचा पाया या शोधाने घातला गेला.

माणसाच्या आजाराची नक्कल ज्या प्राण्यात घडवता येते त्याला संशोधक त्या आजाराचे ‘मॉडेल’ म्हणतात. कोणताही प्राणी कोणत्याही आजाराला चालत नाही. विषाणू पेशीत शिरतो तो पेशीवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून. कुलूप आणि किल्ली जुळली तरच दार उघडते. कोविडच्या मूळ विषाणूची किल्ली साध्या उंदराच्या कुलपाला बसत नव्हती, म्हणून माणसाचे ते प्रथिन असणारे उंदीर जनुकीय बदल करून तयार करण्यात आले. सोनेरी रंगाच्या सीरियन हॅमस्टरला मात्र तो विषाणू सहज बाधतो. त्याचे वजन घटते, फुफ्फुसांना सूज येते आणि बहुतेक हॅमस्टर काही दिवसांत सावरतात. फेरेट संसर्ग कसा पसरतो हे दाखवतो. माणसाच्या प्रतिकारशक्तीशी सर्वांत जवळचे साम्य असते ते माकडात, विशेषतः उत्तर भारतात मंदिरांभोवती आणि रेल्वे स्थानकांवर दिसणाऱ्या तांबड्या तोंडाच्या ऱ्हिसस माकडात.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. २०२० च्या मार्चमध्ये या संस्थेने कोविडचा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा केला. मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची भारत बायोटेक यांनी मिळून लस करायचे ठरवले. उंदीर, ससे यांसारख्या लहान प्राण्यांवर ती तपासली गेली, हॅमस्टरवर तपासली गेली. त्यापुढची पायरी होती माकडे.

परंतु भारतात प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हिसस माकडे उपलब्ध नव्हती. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी ‘गोइंग व्हायरल’ या आपल्या पुस्तकात ही हकिगत सांगितली आहे. देशभरातील प्राणिसंग्रहालये आणि संस्था यांच्याकडे विचारणा झाली, पण हवी तशी तरुण माकडे मिळाली नाहीत. मग संस्थेचे पथक महाराष्ट्रभर फिरले. टाळेबंदीमुळे माणसे घरात होती, गावाकडचे खाणे तुटले होते, त्यामुळे माकडेही खोल जंगलात निघून गेली होती. वन विभागाच्या मदतीने शोध घेऊन अखेर नागपूरजवळ वीस माकडे पकडण्यात आली आणि पुण्यास आणली गेली.

त्या वीस माकडांचे पाच-पाचचे चार गट करण्यात आले. तीन गटांना लशीचे तीन वेगवेगळे प्रकार दिले, चौथ्याला लस दिली नाही. चौदा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा झाल्या. त्यानंतर आणखी चौदा दिवसांनी सर्व वीस माकडांच्या नाकात आणि श्वासनलिकेत विषाणू सोडण्यात आला. लस न दिलेल्या गटात न्यूमोनियाची स्पष्ट चिन्हे दिसली, लस दिलेल्या गटांत ती दिसली नाहीत. हा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या ऊतींची अशी सूक्ष्म तपासणी प्राणी जिवंत ठेवून करता येत नाही. शवविच्छेदन करावे लागते. वाचकांनी हे वाक्य ओलांडून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे, कारण आपला सारा प्रश्न तेथेच आहे.

मनात सहज येते की एवढे करण्याची गरजच काय होती? थेट स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवरच चाचणी का केली नाही? याचे उत्तर श्वसनाच्याच एका दुसऱ्या विषाणूच्या इतिहासात आहे. लहान मुलांना त्रास देणाऱ्या आरएसव्ही नावाच्या विषाणूवर १९६६ च्या सुमारास अमेरिकेत एक लस मुलांना देऊन पाहण्यात आली. विषाणू मारून केलेली ती लस होती. ज्यांना लस दिली त्या मुलांना पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा आजार कमी होण्याऐवजी अधिक बळावला. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बालके दगावली. लसच घातक का ठरली हे पुढे कॉटन रॅट नावाच्या उंदरावरील अभ्यासातून बऱ्याच अंशी उलगडले. आरएसव्हीवरील लशीला मान्यता मिळण्यास त्यानंतर २०२३ साल उजाडावे लागले. कोविडची लस करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही भीती होती. कोवॅक्सिनही विषाणू मारूनच केलेली लस आहे. लस दिलेल्या माकडांची फुफ्फुसे अधिक बिघडली नाहीत, हे त्या तपासणीतून दिसायला हवे होते.

औषधांबाबतही हेच. रेमडेसिविरसाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या नाशकात लोक रात्रंदिवस रांगा लावून उभे होते, हे आपण विसरलेलो नाही. या औषधाचा माकडांवरील अभ्यास आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. त्यात माकडांना संसर्ग दिल्यापासून केवळ बारा तासांत औषध सुरू केले होते आणि तेव्हाच फुफ्फुसांची हानी कमी झाल्याचे दिसले होते. आपल्याकडे ते दहा-दहा दिवस आजारी असलेल्या, कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांसाठी धावपळ करून आणले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांचे प्राण वाचवण्यात त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. प्राण्याने जे सांगितले ते आपण नीट ऐकले नाही, एवढेच म्हणता येईल. प्राण घेऊन मिळवलेले ज्ञान वापरात आणले नाही तर ती हिंसा दुहेरी वाया जाते.

आता लशीच्या कारखान्याविषयी. कोवॅक्सिनसाठी विषाणू ज्या पेशींत वाढवतात त्यांना ‘व्हेरो’ पेशी म्हणतात. १९६२ मध्ये जपानमधील चिबा विद्यापीठात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या घेतल्या गेल्या. एकदा घेतलेल्या त्या पेशी आज साठ वर्षांनंतरही जगभर वाढवल्या जात आहेत, त्यासाठी दरवेळी नवे माकड लागत नाही. सीरमचे मात्र तसे नाही. ते पुन्हा पुन्हा लागते आणि वासरांच्या रक्तातूनच येते. सीरमविना पेशी वाढवण्याच्या पद्धती आता निघाल्या आहेत, त्या सर्वत्र रुळलेल्या नाहीत. मग दुसरी लस घ्यावी काय, असे जीजींनी विचारले होते. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड वेगळ्या पद्धतीने बनते, पण तिचा मूळ वाहक चिंपांझीच्या सर्दीच्या एका विषाणूपासून तयार केला आहे आणि तीही अमेरिकेत ऱ्हिसस माकडांवर तपासली गेली होती. एक दुकान सोडून दुसऱ्या दुकानात गेल्याने हा हिशेब चुकत नाही.

हे सारे मी जीजींना दोन संध्याकाळी बसून सांगितले. त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या. माकडांना भूल देतात का? ती पिंजऱ्यात किती दिवस होती? मला जे ठाऊक होते ते सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे हा संकल्पी आहे.”

त्यांचा मुद्दा वाचकांच्या लगेच लक्षात येईल. श्रावकाच्या जीवनात घडणाऱ्या हिंसेचे आपल्याकडे चार प्रकार सांगतात : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाकात, घर झाडताना होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. आक्रमकापासून स्वतःचे किंवा आश्रिताचे रक्षण करताना होते ती विरोधी. जाणूनबुजून, ठरवून केलेली ती संकल्पी, आणि तिचा त्याग गृहस्थानेही करायचा असतो. माझ्या मनात आधी येऊन गेले होते की ही विरोधी हिंसा मानता येईल, कारण साथीपासून लाखो जीवांचे रक्षण करायचे होते. पण आक्रमक होता विषाणू. नागपूरच्या जंगलात झाडावर बसलेल्या माकडाने कोणावर आक्रमण केले होते? त्याला विरोधी म्हणणे म्हणजे खात्यावर चुकीचे शीर्षक घालणे होय.

दुसरा प्रश्न कृत, कारित आणि अनुमोदनेचा. आपण स्वतः केले नाही, आपण करवून घेतले नाही, पण झालेल्याचा लाभ घेतला आणि मनातून बरे झाले म्हटले, तर अनुमोदना झाली की नाही? येथे साधू-साध्वींकडून मार्गदर्शन घ्यावे हे योग्य. मी एवढेच म्हणेन की ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर आता आपल्याला देता येणार नाही.

आपण व्यापारी समाज आहोत, आकड्यांशी आपली मैत्री असते. म्हणून एक मोह होतो तो सांगतो. कोवॅक्सिनच्या पस्तीस कोटींहून अधिक मात्रा भारतात दिल्या गेल्या. वीस माकडांना पस्तीस कोटींनी भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला जे येते ते शून्याच्या इतके जवळ आहे की कोणताही कारकून ते सोडून देईल. पण आपल्या धर्मात जीवाचा भागाकार होत नाही. प्रत्येक माकडाचे मरण त्याच्यापुरते संपूर्ण होते. आणि आणखी एक फरक आहे. लशीच्या पहिल्या मानवी चाचणीत ३७५ स्वयंसेवक होते, तिसऱ्या टप्प्यात २५,८०० होते. त्या प्रत्येकाने समजून उमजून संमतिपत्रावर सही केली होती. त्यांचे ऋण आपण आदराने मानावे, पण ती देणगी होती. माकडांची सही कुठेच नव्हती. बँकेत सहीविना धनादेश वटत नाही, वटला तर ते पैसे परत करण्याचे दायित्व बँकेवर राहते. येथे परत करणे अशक्य आहे, दायित्व मात्र उरते.

मग लस घेऊ नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. लस न घेतल्याने त्या वीस जीवांपैकी एकही परत येणार नव्हता. न घेणाऱ्याच्या श्वासातून शेजारच्या वृद्धाला, घरातल्या नातवाला, उपाश्रयातील विहार करून थकलेल्या साध्वींना संसर्ग झाला असता तर ती हिंसा कोणाच्या खात्यावर पडली असती? आपल्या पांजरापोळांतील गायींचेच पाहा. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यभर गोवंशाला लस टोचली गेली आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जनावरांच्या लशीही आधी जनावरांवरच तपासलेल्या असतात. जीवदयेसाठी आपण जे करतो त्याच्या मुळाशीही हे देणे आहेच. त्यामुळे हात झटकण्याचा मार्ग कोणालाच मोकळा नाही. प्रश्न उरतो तो देणे मान्य करण्याचा आणि पुढचे देणे कमी करण्याचा.

या दृष्टीने आपला कायदा वाचून मला समाधान वाटले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रयोगांना बंदी घालत नाही, पण मर्यादा घालतो. प्रयोग योग्य काळजीने आणि दयाबुद्धीने व्हावेत, वेदना होणार असतील तर भूल द्यावी, दुसरा मार्ग असेल तेथे प्राणी वापरू नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, असे त्यात आहे. आपण ज्याला ‘जयणा’ म्हणतो त्याचीच ही सरकारी भाषा आहे. एका ठिकाणी मात्र आपला विचार वेगळा पडतो. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये, असे कायदा म्हणतो. आपल्या गणनेत उंदीर, ससा, हॅमस्टर आणि माकड हे सारे पंचेंद्रियच. आकार लहान झाला म्हणून वेदना लहान होत नाही.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, त्रास कमी करावा. भारताने त्यात चौथे जोडले, ते म्हणजे प्रयोगानंतर वाचलेल्या प्राण्यांचे पुनर्वसन. इतर देशांत क्वचितच दिसणारी ही भर आपल्या देशाने घातली, याचा मला अभिमान वाटतो. प्रयोगशाळेतून सुटलेल्या प्राण्याला उरलेले आयुष्य नीट जगू देणे, हे काम तर पांजरापोळ चालवणाऱ्या समाजाला शिकवावे लागत नाही.

दुसरे साधन वापरण्याचे पहिले तत्त्वही आता केवळ इच्छा राहिलेले नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेत, म्हणजे वीस या दात्याच्या नावाने चालणाऱ्या केंद्रात, डॉनल्ड इंगबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटभर लांबीच्या पारदर्शक पट्टीवर माणसाचे फुफ्फुस उभे केले. मध्ये एक सच्छिद्र पडदा, त्याच्या एका बाजूला मानवी फुफ्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहणारा द्रव. श्वासाप्रमाणे तो पडदा ताणला आणि सैल केला जातो. श्वसनाचे विषाणू आणि औषधे यांची काही परीक्षा अशा पट्टीवर होऊ शकते, आणि तेही थेट माणसाच्या पेशींवर. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना वाट मोकळी केली. संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती अजून पट्टीवर उतरवता आलेली नाही, त्यामुळे प्राणी उद्याच सुटतील असे नाही. पण दिशा ठरली आहे आणि तिला पैसा आणि माणसे हवी आहेत.

येथे आपला समाज काय करू शकतो, याविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना दानाची. आपण रुग्णालयांना, पांजरापोळांना, शिष्यवृत्त्यांना मनःपूर्वक देतो. आपली अनेक मुले-मुली औषधनिर्माणशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकत आहेत. त्यांच्यापैकी जो प्राणी न वापरता संशोधन करू इच्छितो त्याच्यासाठी एक वेगळी शिष्यवृत्ती आपल्या ट्रस्टांनी ठेवावी. जीवदया फंडातून हा खर्च करणे त्या फंडाच्या हेतूला धरूनच होईल.

दुसरी सूचना उपस्थितीची. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक नैतिक समिती असते आणि तिच्या मंजुरीविना प्रयोग होत नाही. या समितीवर शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य असावा लागतो. ही जागा अनेकदा औपचारिकपणे भरली जाते. आपल्यातील निवृत्त शिक्षक, वकील, अधिकारी यांनी या जागेसाठी पुढे यावे आणि तेथे बसून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा : हे प्राण्याविना होईल काय, आणि होणार नसेल तर याहून कमी प्राण्यांत होईल काय?

तिसरी सूचना धंद्याची. औषधांच्या घाऊक व्यापारात आणि निर्मितीत आपली कितीतरी कुटुंबे आहेत. ज्या कंपनीचा माल आपण घेतो तिच्याकडे सीरमविना पेशी वाढवण्याविषयी, पर्यायी चाचण्यांविषयी लेखी विचारणा करण्यास काही खर्च येत नाही. एका व्यापाऱ्याचे पत्र बाजूला पडेल. शंभर व्यापाऱ्यांच्या पत्राला उत्तर द्यावे लागते, हे आपल्याला सांगायला नको.

जीजींनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लस घेतली. कोणती घ्यावी याचा आग्रह धरला नाही, केंद्रावर जी होती ती घेतली. त्याआधी महाराज साहेबांकडे जाऊन त्यांनी सारे सांगितले आणि प्रायश्चित्त मागितले. पुढे चातुर्मासात त्यांनी वीस आयंबील केले. “एकेकासाठी एक,” एवढेच त्या म्हणाल्या. पहिल्या आयंबीलाच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला विचारले की हॅमस्टर किती होते. ते मला सांगता आले नाही.

संवत्सरीच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. शब्द पाठ असतात, डोळ्यांपुढे बहुधा कोणी नसते. या वर्षी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना त्या वीस माकडांना, नाव नसलेल्या हॅमस्टरना आणि त्या वासरांना आठवावे, अशी सर्व बंधू-भगिनींना माझी नम्र विनंती आहे. आज आपण ज्या श्वासाने ते शब्द उच्चारतो त्या श्वासात त्यांचाही वाटा आहे.

जय जिनेंद्र.